परक्या रानाची इर्जिक

शेळगाव, ता. इंदापूर
७ सप्टेंबर २०२५

चि. वृषालीस, शेळगावाहून आजीनं डोक्यावर हात ठिवून दिलेला आशीर्वाद पोचावा.

तुझं पत्र आन फोटू दोनी मिळालं. तुझ्या आईनं मोबाईलवर मोठं करून दावलं, मग म्या चष्मा लावून आनिक मोठं करून घेतलं. भितीवरचा मोर लई झ्याक जमलाय. पिसारा बघून मला आपल्या डाळिंबाच्या बागंतला मोर आठवला. कळ्या खातो मेला, त्याला हाकलता हाकलता आबांचा एक जोडा फाटला. तुझा मोर गुनाचा हाय, जागा सोडत न्हाय.

समदी आळी बघून गेली. बानूबाई बी आली. आली ती आली, वर म्हनती, आपल्या शाळंत दोन वर्गाला एक मास्तर आन ही निगाली आफ्रिकेला शिकवायला. मला आसा राग आला. म्या म्हनलं, बानूबाई, तुझ्या नातीला इंदापूरला बांगड्या भरायला जायचं तर संगट दोन मानसं लागत्यात, तू आफ्रिकेचं नगं बोलू. चहा न घेता गेली. बरं झालं, दूध कमीच हुतं.

तुझी आई म्हनती, आवाज भरून पाठवा, लिहीत कशाला बसता. मला त्या यंत्रापुढं बोलायला सुधरत न्हाय. चौथीपत्तुर शाळा झाली, तेवढी आक्षरं हायती, ती वापरते. तुझी आईच, आपली अनिता, ह्या कागदाचा फोटू काढून धाडील. तू बाजाराच्या गावी गेलीस आन तितं रेंज आली की वाच. तूबी आसंच कागदावर लिहून धाड. आक्षर मोठं काढ, आबांनाबी वाचायचं आसतं, फकस्त सांगत न्हाईत.

एक कळंना. मोराच्या डोस्क्यावर थेट आभाळ दिसतंय. छप्पर फोटूत आलं न्हाय, का तितं न्हायच?

तुझी आजी,
प्रयागबाई


चिसोंगा, मलावी
२१ सप्टेंबर

प्रिय आजी, तुला आणि आबांना नमस्कार.

छप्पर नाहीच. आईनं तुझं पत्र पाठवलं तेव्हा मी बाजारातच होते. तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि परतीच्या वाटेवर तोच डोक्यात राहिला.

दोन खोल्यांच्या भिंती उभ्या आहेत, वर काही नाही. पहिली-दुसरीची मुलं आंब्याच्या झाडाखाली बसतात. एकेका वर्गात शंभराच्या वर पोरं, आणि फळा म्हणजे झाडाला टेकवलेली काळी फळी. नोव्हेंबर संपता संपता इथं पाऊस लागतो. हेडमास्तर फिरी सर म्हणतात, पाऊस लागला की लहान मुलं शाळेत यायची बंद होतात ती तीन-तीन महिने. मग त्यातली बरीच परत येतच नाहीत.

संस्थेनं मला सहा महिने शिकवायला पाठवलं आणि आल्या आल्या हातात ब्रश दिला. मला वाटलं, चला, शाळा सजवू. परवा मोराच्या पायाजवळचा रंग सुटला, तर खालून हत्तीचा कान निघाला. अजून खरवडलं तर हत्तीच्या खाली इंद्रधनुष्य, आणि त्याच्याही खाली कुठल्या तरी परदेशी पोरांची नावं. आजी, माझ्याआधी आलेल्या स्वयंसेवकांच्या प्रत्येक तुकडीनं हीच भिंत रंगवली आहे.

मी निहार सरांना फोन केला. आपल्या संस्थेचे तेच प्रमुख, पुण्यात असतात. ते म्हणाले की छपराचे पत्रे संस्था देणार आणि बांधायला पालक येणार असं ठरलं होतं. पालकच येत नाहीत, तर पत्रे आणून काय करायचे? मलाही ते पटलं. बायका शाळेवरून रोज पाण्याला जातात, पण आत कुणी डोकावत नाही. स्वतःच्या पोरांची शाळा, आणि ढिम्म हलत नाहीत. महिन्याच्या अहवालात मी तसंच लिहिलं, 'पालक उदासीन आहेत.' इतका राग आला होता.

तुझी,
वृषाली


शेळगाव
२८ सप्टेंबर

चि. वृषाली, आशीर्वाद.

तुझं पत्र आबांनी मोठ्यानं वाचलं आन माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. काय मानसं म्हनायची का काय ही? पोरं झाडाखाली आन ह्यांच्या बाया घागरी घिऊन लचकत चालल्यात. त्यांच्या जागी मी आसते तर एकेकीला दारात जाऊन इचारलं आसतं, बाई, तुझं पोरगं काय शेरडू हाय झाडाखाली बांधायला?

आन त्या तुझ्या साहेबाचंबी मला काय खरं वाटत न्हाय. एकाच भितीला चार बाऱ्या रंग. आपल्याकडं नवरीलाबी एवढी हळद लावत न्हाईत.

आता रडत बसू नगं. मी सांगते तसं कर. इर्जिक घाल. तुला म्हाईत नसंल, तू जल्मलीस तवा गावात ट्रॅक्टर आलं हुतं. आदी एखाद्याचं रान पडून ऱ्हायलं, घरात करनारं कुनी नसलं, तर त्यो गावाला सांगायचा, आमक्या दिवशी माझी इर्जिक. मग समदं गाव आपापली औतं-बैलं घिऊन जायचं आन एका दिसात रान उलथं करून द्यायचं. मजुरी न्हाय कसली. फकस्त त्या घरानं पोटभर जेवू घालायचं. आपल्या वरल्या पट्टीची इर्जिक म्या घातली हुती, आबा तवा टायफाईडनं पडून हुते. रस्सा कमी पडला म्हनून म्या त्यात दोनदा पानी वाढवलं आन मान्सं म्हनली, काकू, रस्सा लई चवदार. कामानं भुकेली मान्सं, त्यांना काय कळतंय.

तवा दारोदार जा, दिवस सांग, मोठं भांडं चढव. जेवान हाय म्हनलं की गाव येतंय. जगाच्या पाठीवर कुठंबी जा, पोट हितनं तितनं सारखंच.

आजी


चिसोंगा
१९ ऑक्टोबर

आजी,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. फिरी सरांना घेऊन घरोघर गेले. रविवार ठरवला, चर्च सुटल्यावर. दोन मोठी पातेली शिजवली. एकात मक्याच्या पिठाचा न्सिमा, म्हणजे आपल्या उकडीसारखा घट्ट गोळा, आणि दुसऱ्यात घेवडा. कुदळी मागून आणल्या.

कुणी आलं नाही. दुपार झाली, घेवडा आटला, पोरं लांबून बघत राहिली. शेवटी तीन म्हाताऱ्या आल्या. कुदळीकडं पाहिलं नाही, पानावर बसल्या नाहीत. त्यांच्यात एलिनेस म्हणून एक आजी आहे, इथं आजीला 'गोगो' म्हणतात. तिनं माझं मनगट धरलं आणि शाळेच्या मागं नेलं. गवताचा एक उंचवटा आहे तिथं, मी रोज बघत होते, मला वाटायचं वारूळ असेल. गोगोनं पायानं गवत बाजूला केलं. विटा होत्या. अर्ध्या विरघळून पुन्हा माती झालेल्या.

फिरी सरांनी मग सगळं सांगितलं. भिंतींच्या विटा इथल्या बायकांनीच पाडल्या. नदीवरून डोक्यावर पाणी आणलं, भट्टी लावली, भिंती बांधून घेतल्या. संस्था म्हणाली, आता पत्रे देतो. एक दिवस ट्रकभरून पत्रे आले. ते पोरांच्या हातात दिले, फोटो काढले, आणि संध्याकाळी पत्रे परत ट्रकमध्ये चढवून डांबरी रस्त्यावरच्या दुसऱ्या शाळेला नेले. तिथं पाहुणे येणार होते. इथल्या लोकांना सांगितलं, तुम्ही आणखी विटा पाडा, मास्तरांचं घरही बांधू, मग दोन्हींचे पत्रे एकदम देतो. बायकांनी पुन्हा विटा पाडल्या. त्या दोन पावसाळे तिथं पडून आहेत.

जाताना गोगो काहीतरी बोलली. फिरी सर आधी सांगायला तयार नव्हते, मी हट्ट केला तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, 'शाळा आमची, गाव आमचं, पोरं आमची. आणि आम्हाला जेवायला बोलावते ही मुलगी. पाहुणी आहे की मालकीण?'

आजी, मी त्यांच्याबद्दल काय लिहून पाठवलंय ते तुला माहीत आहे. कसं परत घेऊ?

वृषाली


शेळगाव
२६ ऑक्टोबर

चि. वृषाली,

दिवाळीच्या फराळातलं मला काय ग्वाड लागलं न्हाय. करंजी तोंडात आन डोळ्याम्होरं त्या इटा.

चूक माझी झाली. इर्जिक ज्याचं रान त्यानंच घालायची आसती. परक्यानं येऊन दुसऱ्याच्या रानाची इर्जिक घातली तर गाव त्याला हानून लावंल, आन बरोबर करंल. हे मला ठावं आसून म्या तुला जेवनाचं भांडं चढवायला लावलं. त्या बाया काळ्या मुलखातल्या, त्यांना काय समजतंय, आसंच माझ्या मनात हुतं म्हन की. त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग. ती बोलली ते मला लागलं, आन लागाया पायजेल हुतं.

पर पत्रं दावून परत न्यायचं, ह्याला काय म्हनायचं? आपल्याकडं नवऱ्या मुलीला दुसऱ्याचे डागिने घालून दावत्यात आन लगीन लागलं की काढून नेत्यात, त्यातली गत. डोक्यावरनं पानी वाहून बायांच्या माना मोडल्या आन ह्यांनी काय नेलं, तर फोटू. मला रात्रभर झोप न्हाय. आबांनाबी म्या लागू दिली न्हाय.

आता ऐक. तुझ्या त्या निहार साहेबाचा मानूस काल घरी यून गेला. बारामतीला त्यांचा कार्यक्रम हाय, देनगी देनाऱ्यांचा. मला स्टेजवर बसवनार, शाल-नारळ देनार, स्वयंसेविकेची आजी म्हनून. म्या हो म्हनलं. लई गोड बोलले मी. अनिता माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

आजी


चिसोंगा
२ नोव्हेंबर

आजी,

तू जाऊ नकोस. तू गप्प बसणार नाहीस हे मला माहीत आहे. अहवाल दुरुस्त करून मी निहार सरांना पाठवला, तर त्यांनी उलट मलाच समज दिली की संस्थेची बदनामी झाली तर पुढच्या विमानानं परत बोलावू. मी गेले की इथं पत्र्यांचं विचारणारं कुणी राहणार नाही. पाऊस तीन आठवड्यांवर आहे. शाल घ्यायचीच असेल तर घे, नारळ घे, आणि खाली उतर. माझ्यासाठी एवढं कर.

वृषाली


शेळगाव
१० नोव्हेंबर

चि. वृषाली,

तुझं पत्र येळंवर मिळालं. म्या गप्प बसायचं ठरवूनच गेले हुते, ही आईशप्पत खरी गोष्ट. तुझ्या लग्नाला ठिवलेलं हिरवं इरकल नेसले. आबांनी टोपी बदलली.

हाल गच्च भरला हुता. डाक्टर, वकील, मास्तर, मोठी मोठी मान्सं. खुर्च्या मऊ, बसलं की आत जायचं. आन म्होरं पडद्यावर, पोरी, आख्ख्या घरायेवढा तुझा मोर. निहार साहेब सांगाया लागला, ही बघा तुमच्या देनगीतनं उभी ऱ्हायलेली शाळा. मी गप्प. मग म्हनला, अडचन एकच हाय, तितल्या पालकांना शाळंची किंमत न्हाय. मी तरीबी गप्प, फकस्त पदर दातात धरला. मग त्यानं कागद काढून वाचला, 'आमची स्वयंसेविका वृषाली लिहिते, पालक उदासीन आहेत.' आन लगीच मला म्हनतो, आजी, दोन शब्द बोला, नातीचं कवतिक करा.

आता तूच सांग, मी काय करनार हुते?

म्या माईक घेतला. म्हनलं, "ह्यो मोर माझ्या नातीनं काढलाय. ह्याच्या खाली हत्ती हाय, हत्तीच्या खाली इंद्रधनुष्य हाय. चार बाऱ्या रंगवली भित. आता पत्रं कुठं हायती ते सांगा."

मान्सं हासली. टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीशीर हाय. त्यो निहारबी हासला आन माईकला हात घातला. पोरी, मला आयुष्यात लई जनांनी शिव्या दिल्या, खुद्द तुझ्या पणजीनं दिल्या, पर टाळ्यांनी जेवढी मी पेटले तेवढी शिव्यांनी कदी पेटले न्हाय.

तेवढ्यात दुसऱ्या रांगंतली एक बाई उठली. सरोजिनीबाई, डाक्टरीन, बारामतीतच दवाखाना हाय त्यांचा. त्या म्हनल्या, "टाळ्या थांबवा. पत्र्यांसाठी मीही पैसे दिलेत. मला पत्र्यांचा फोटो आला, मुलांच्या हातात. छपरावरचा आलाच नाही. आजी विचारतात ते मलाही विचारायचंय."

निहार म्हनला, म्याडम, पालकच येत न्हाईत, आजींच्या नातीनंच लिहिलंय की.

म्या म्हनलं, "तिनं लिहिलं तवा तिला इटा दिसल्या नव्हत्या. आता दिसल्यात, आन तिनं तुमाला दुसरा कागदबी धाडलाय. त्यो वाचा."

त्यानं त्यो वाचला न्हाय. घाम पुसला. सरोजिनीबाईंनी मग माझ्यापशी यून समदं इचारलं, इटांचं, ट्रकचं. परत म्होरं जाऊन त्या समद्यांदेखत बोलल्या की छपराचा फोटू आल्याबिगर इथला कुनी पुढं देनगी देनार न्हाय. आता मातर कुनी हासलं न्हाय. निहार म्हनला, महिन्यात धाडतो.

शाल म्या तितंच खुर्चीवर ठिवली. नारळ आबांनी आनला, म्हनले, नारळाचा काय गुन्हा.

तुझी नोकरी म्या घालवली आसंल तर मला माफ कर. पर ते तसं वाचून दावलेलं मला सोसलं न्हाय.

आजी


चिसोंगा
२८ नोव्हेंबर

आजी,

तू गेलीस त्याचा आधी फार राग आला होता. आता जे घडलं ते सांगते.

गेल्या आठवड्यात ट्रक आला, पत्र्यांनी भरलेला. सोबत कॅमेरावाला आणि संस्थेचा इथला व्यवस्थापक. पत्रे उतरवले, मुलांना रांगेत उभं केलं, दोघं-दोघं मिळून एकेक पत्रा धरून हसायला लावलं. दोन पत्रे भिंतीवर नुसते आडवे ठेवून खालून फोटो घेतले, म्हणजे छप्पर झाल्यासारखं दिसेल. मग व्यवस्थापक म्हणाला, भरा परत, पावसापुरते गोदामात ठेवू.

मी त्याच्याशी वाद घालायला पुढं झाले, तेवढ्यात बायका आल्या. कुणी बोलावलं कुणास ठाऊक, मी नाही. पाण्याच्या वाटेवरून, शेतातून, पाठीशी पोरं बांधलेल्या. कुणी ओरडलं नाही. गोगो एलिनेस सरळ पत्र्यांच्या थप्पीवर जाऊन बसली. तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. जागा उरली नाही तेव्हा भोवतीनं जमिनीवर बसल्या.

मी उभीच. गोगो माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. फिरी सर म्हणाले, "ती विचारतेय, उभी का आहेस? तुझं वजन कधी कामाला येणार?"

मी बसले. व्यवस्थापक म्हणाला, तू आमची माणूस आहेस, ऊठ. मी उठले नाही. पत्रा उन्हानं असा तापला होता की मांड्या भाजल्या, पण गोगो हलेना तर मी कशी हलू? ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला. संध्याकाळ व्हायला लागली तसं बायकांनी त्यालाही न्सिमा दिला. तो जेवला, हात धुतले, आणि स्वतःच ट्रकचा मागचा फाळका लावून घेतला. व्यवस्थापक त्याच्यावर चिडत चिडत पुढं जाऊन बसला आणि ट्रक रिकामाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी गोगोनं मला बोलावणं पाठवलं, कामाला या म्हणून. बाप्यांनी निलगिरीची लाकडं तोडून आणली, सुतार गावातलाच. मी बायकांबरोबर पाणी वाहिलं. घागर दोनदा सांडली, मानेचं वाटोळं झालं. दुपारी गोगोनं स्वतः मला वाढलं आणि समोर बसून संपवायला लावलं.

संस्थेचं पत्र आलंय. माझी सेवा संपली, प्रमाणपत्र मिळणार नाही. राहायची खोलीही काढून घेतली. शाळेला सुट्टी लागेपर्यंत मी गोगोच्या घरी राहणार आहे.

काल शेवटचा पत्रा ठोकला. आज दुपारी पाऊस लागला. आजी, पत्र्यावर इतका आवाज की शेजारच्याचं ऐकू येईना. मी फळ्यावर लिहिलं तर कुणी बघेना, सगळी वर बघत होती. तास बुडाला. शिक्षण खात्याचे पर्यवेक्षक साहेब नेमके आले होते, ते फिरी सरांना म्हणाले, एवढं छप्पर झालं आणि शिकवणं काहीच नाही?

वृषाली


शेळगाव
७ डिसेंबर

चि. वृषाली, आजीचा आन आबांचा आशीर्वाद. बानूबाईचाबी घे, दारातच बसलीय, तिला वाचून दावलं.

आज त्या निहारच्या मान्सानं मोबाईलवर फोटू टाकलाय, छप्पर घातलेला. खाली लिवलंय, संस्थेच्या प्रयत्नातनं. अनितानं मला दावायला नगं हुता. म्या लगीच सरोजिनीबाईंना फोन लावायला सांगितला, त्यांनी आदीच बघितला हुता, आन तुझं पत्र म्या त्यांना ऐकवलं हुतंच, तवा छप्पर कुनी घातलं ते त्यांनी फोटूच्या खालीच लिवलंय, एलिनेसबाईच्या नावासकट. आता पुन्यात बसून वाचा म्हनावं.

तुझं प्रमानपत्र गेलं, त्याचं वाईट वाटून घिऊ नगं. कागदाला चौकट केली आसती, भितीला लावला आसता, पाल मागं बसली आसती.

आन त्यो कोन पर्यवेक्षक का कोन? इतकी वर्सं झाडाखाली पोरं भिजत हुती तवा कुठं गेलता? आता आला शिकवनं मोजायला. त्याला माझं नाव सांग, शेळगावची प्रयागबाई म्हन. पाऊस हाय तवर काय शिकवू नगं. लेकरं कोरडी बसल्यात, तर बसू दे जरा.

आजी